व्हीव्हीएस म्हणजे काय हो, ताई?

‘ताई, नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहतो. सात एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. मार्गशीर्षात माझ्या भाचीचं लग्न आहे. ती यवतमाळला नर्स आहे. लहानपणी तिला गमतीत म्हटलं होतं, तुझ्या लग्नात मामा हिऱ्याची अंगठी घालेल. ती विसरली असेल, मी विसरलो नाही. ७० हजार बाजूला काढून ठेवलेत. तालुक्याच्या दुकानात ३२ सेंटचा खडा दाखवला. सोबत दुकानाचंच छापील कार्ड, त्यावर ‘ईएफ-व्हीव्हीएस’. मग साडूभावाच्या ओळखीनं नागपूरला इतवारीत दुसरा पाहिला. तो ३० सेंटचा, त्याला लॅबचा रिपोर्ट आहे, त्यावर ‘जी’ आणि ‘एसआय १’. नागपूरची अंगठी ९ हजारांनी स्वस्त पडते. हे तालुक्यातल्या दुकानदाराला सांगितलं तर तो हसला अन् म्हणाला, एसआय म्हणजे डागी माल, लग्नात डागी वस्तू देता का? तेव्हापासून बायकोनं धरून ठेवलंय, “पोरीच्या हाती डागी वस्तू काहून द्यायची?” खरं सांगतो ताई, मला दोन्ही खडे सारखेच दिसले. हे व्हीव्हीएस, एसआय कोण ठरवतं, कसं ठरवतं? अन् डागी हिरा खरंच अशुभ असतो का?’

भाऊ, नमस्कार.

आधी घरातलं भांडण मिटवू, मग दुकानात जाऊ. वहिनींना सांगा, दुकानदार ज्या खड्याला डागी म्हणाला नाही, तोही डागीच आहे. व्हीव्हीएस ही तीन अक्षरं ज्या इंग्रजी शब्दांची आहेत, त्यांचा सरळ अर्थ ‘अगदी अगदी किंचित दोष असलेला’. व्हीएस म्हणजे ‘अगदी किंचित’. एसआय म्हणजे ‘किंचित’. म्हणजे डाग तिघांतही आहेत, कमीजास्त इतकंच. डाग नकोच असेल तर व्हीव्हीएसच्याही वर दोन पायऱ्या आहेत. फ्लॉलेस, म्हणजे आतही काही नाही अन् वरही काही नाही. आणि त्याखाली इंटर्नली फ्लॉलेस, म्हणजे आत काही नाही, वरच्या अंगावर एखादी बारीक खूण चालते. असे खडे इतके कमी निघतात की तालुक्याच्या दुकानात ते कुणी काचेच्या पेटीत मांडून ठेवत नाही. तेव्हा दुकानदार जे बोलला, ते त्याच्याच खड्याला लागू पडतं. हे त्याला कळत नसेल तर त्यानं हिरे विकू नयेत. कळून बोलला असेल, तर त्याच्याकडून तुम्ही विकत घेऊ नये.

अशुभाचं म्हणाल, तर आपल्या जुन्या रत्नपरीक्षेत हिऱ्याचे दोष नावानिशी सांगितलेत. बिंदू, रेखा, यव, काकपद. काकपद म्हणजे कावळ्याच्या पायासारखी काळी खूण. त्यांची फळंही सांगितली आहेत, ते मी नाकारत नाही. पण हे लिहिणाऱ्यांच्या काळी दहापट मोठं दाखवणाऱ्या आजच्या दुर्बिणी नव्हत्या. ज्याला ते दोष म्हणत, तो उजेडात नुसत्या डोळ्यांना दिसणारा दोष. तोच नियम लावायचा तर नुसत्या डोळ्यांना काही दिसत नसेल, तर नागपूरचा खडा त्यांच्या हिशेबी निर्दोष. वहिनींना एवढं पटलं तर पुढचं सोपं आहे. (आणि हिरा आपल्या मुलखाला काही नवा नाही बरं. आपल्या गडचिरोलीतल्या वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीची नोंद अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं केली आहे. खाण गेली, किल्ला राहिला.)

आता तुम्हाला दोन्ही सारखेच का दिसले ते सांगते. मी अमरावतीच्या सराफ्यात २२ वर्षं खडे पारखायचं आणि गहाण दागिन्यांचं मोल काढायचं काम केलं. ते दोन खडे दुर्बिणीशिवाय माझ्यापुढे ठेवले असते, तर आतल्या सफाईपुरते मलाही बहुधा सारखेच दिसले असते. ३० सेंटचा (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग) गोल हिरा आडवा मोजला तर साधारण सव्वाचार मिलिमीटर भरतो. ज्वारीचा टपोरा दाणा धरा. सराफाची दुर्बीण दहापटीची असते, म्हणजे तिच्यातून तो ज्वारीचा दाणा लिंबाएवढा दिसतो. आता त्या लिंबाच्या पोटात एक ठिपका शोधायचा आहे. शिकलेल्या, रोज तेच काम करणाऱ्या माणसालाही तो महामुश्किलीनं सापडला, तर खडा व्हीव्हीएस. थोडं शोधल्यावर सापडला तर व्हीएस. दुर्बीण लावली आणि सहज नजरेत आला तर एसआय. आणि दुर्बिणीत पाहताक्षणी डोळ्यात भरला, खड्याचा पारदर्शीपणा किंवा चमक मारू लागला, तर तो ‘आय’. व्हीव्हीएस, व्हीएस आणि एसआय या तिन्हीत एक आणि दोन अशा पोटपायऱ्या, आयमध्ये तीन, आणि वरच्या त्या दोन. अशा एकूण ११. कुणी तुम्हाला ‘एसआय ३’ सांगेल. ही पायरी या अकरांत नाही, ती बाजारानं मागाहून घुसवली. आय १ म्हणायला जीभ रेटत नाही तिथं ती वापरतात.

एक गोष्ट नीट समजून घ्या, सगळी गंमत तिच्यात आहे. ही सगळी मोजणी दहापटीवर ठरलेली आहे. चाळीस किंवा साठ पटीच्या मायक्रोस्कोपखाली फ्लॉलेस खड्यातही काहीतरी निघू शकतं. प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप असतोच, डाग हुडकायला तो वापरतातही, पण दर्जा द्यायचा तो दहापटीत जे दिसलं त्यावर. तशी सगळ्यांनी मान्य केलेली रीत आहे. आणि तुमची भाची इंजेक्शन देताना समोरचा पेशंट काही दहापटीनं तिच्या बोटाकडे बघणार नाही.

मी सराफ्यात नवीन होते तेव्हाची गोष्ट सांगते. मालकांनी एक खडा चिमट्यात धरून माझ्या हाती दिला आणि म्हणाले, बघ. मी दुर्बीण डोळ्याला लावली आणि दोन मिनिटांत निकाल दिला, आत पांढरी भेग आहे, एसआय २. मालक काही बोलले नाहीत. खडा मऊ कापडावर दोनदा फिरवला आणि परत माझ्या हाती दिला. भेग गायब. माझ्याच साडीच्या पदराचा धागा होता तो. गिऱ्हाईक समोर बसलेलं. त्या दिवसानंतर खडा पुसल्याशिवाय मी दुर्बिणीला हात लावला नाही. तुम्ही नागपूरला जाल तेव्हा हेच करा. दुकानदाराला खडा आधी पुसायला सांगा, मग त्याचीच दुर्बीण मागा. लाजू नका, मागणाऱ्याला ते देतात. कोपरं काउंटरवर टेका, नाहीतर हात थरथरतो. दुर्बीण थेट डोळ्याला भिडवा, चष्मा असेल तर चष्म्याला. दोन्ही डोळे उघडे ठेवा. मग चिमट्यातला खडा हळूहळू जवळ आणा. दुर्बिणीपासून एक इंचावर तो एकदम लख्ख होईल. पुढेमागे केलं की धूसर. आधी पृष्ठभागावर नजर ठरवा, मग खडा केसभर जवळ घ्या, म्हणजे नजर त्याच्या पोटात उतरते. आत उतरल्यावर जे दिसतं ते आतलं. जे पुसून जातं ती धूळ.

आणि मग दुकानदाराला विचारा, डाग कुठंय, दाखवा. चांगला सराफ घड्याळाच्या भाषेत सांगतो, ‘तीन वाजता बघा, कडेला’. ज्याला आपल्याच एसआय खड्याचा डाग दाखवता येत नाही, त्यानं तो कधी पाहिलेलाच नाही. हा डाग तुम्हीही एकदा पाहून ठेवा, पुढे कामाला येतो. उद्या अंगठी दुरुस्तीला टाकली, तर परत आलेला खडा तोच आहे का, हे सांगायला त्या डागासारखा साक्षीदार नाही. अगदी स्वच्छ खडा बदलला गेला तर तुम्ही कशावरून ओळखणार?

दर्जा देताना पारखी डागाच्या पाच गोष्टी बघतो. किती मोठा, किती संख्येनं, कुठं बसलाय, कसला आहे आणि किती उठून दिसतो. यातली ‘कुठं’ तुमच्या कामाची. हिऱ्याच्या माथ्यावर मधोमध जो सपाट पैलू असतो त्याला टेबल म्हणतात. त्याच्या बरोबर खाली काळा कण बसला, तर तो सरळ दिसतो. तळाच्या टोकाजवळ असला तर आणखी वाईट, कारण पैलूंच्या आरशांत त्या एकाचे चार-सहा होऊन दिसतात. तोच कण कडेला, कमरेजवळ असला आणि रंगानं पांढरा असला, तर अंगठीची खडा धरणारी नखं त्याच्यावर बसतात आणि जन्मात कुणाला दिसत नाही. म्हणून एसआय १ ऐकून खडा घेऊ नका, आणि एसआय १ ऐकून सोडूही नका. दोन एसआय १ सारखे नसतात.

‘कसला’ हेही बघाच. रिपोर्टवर डागांची नावं असतात. पिनपॉइंट म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, त्याला घाबरू नका. क्रिस्टल म्हणजे हिरा घडताना आत अडकलेला दुसऱ्या खनिजाचा कण, कधी हिऱ्याचाच. नीडल म्हणजे बारीक सुई. क्लाउड म्हणजे ठिपक्यांचा ढग. हा छोटा असेल तर ठीक, पण एसआय २ खड्यात दर्जाच ढगावर ठरलेला असेल, तर खडा दुधाळ दिसू शकतो, तो नको. आणि फेदर. नाव पिसाचं, पण ती आतली भेग. ती पोटात असेल तर असो. पृष्ठभागापर्यंत आलेली असेल आणि तीही कडेला, तर मी तुमच्या भाचीसाठी घेणार नाही. हिरा कठीण म्हणजे त्याला ओरखडा पडत नाही. फुटत नाही असं नव्हे. त्याला ठरावीक दिशांनी चीर जाते, आणि दवाखान्यातल्या लोखंडी पलंगाच्या दांड्यावर अंगठी रोज दहा वेळा आपटणार.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते, कोण ठरवतं. भाऊ, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुमच्या अंगणात खेडा खरेदीवाला येतो. कापसाच्या गंजीत कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर उपसतो, दाबतो, म्हणतो, ‘ओल हाय भाऊ, अन् कवडी बी दिसते.’ भाव पडला. ओल किती, त्याच्याकडे आकडा नाही. कवडी, म्हणजे किडका कापूस, किती, त्याची नजर. माल पारखणारा तोच, घेणारा तोच. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर तुमचं ग्रेडरशी कितीही वाजलं तरी तिथं ओलावा मीटरवर दिसतो. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात, १२ च्या वर गाडी परत. भांडण होतं, पण आकड्याशी होतं. दुकानाचं छापील कार्ड म्हणजे खेडा खरेदीतली ती मूठ. फरक एवढाच की तिथं घेणारा माल पाडून सांगतो आणि इथं विकणारा चढवून.

पूर्वी हिऱ्याचं सगळीकडेच असं होतं. ज्याचा माल त्याचा शब्द. अमेरिकेत रॉबर्ट शिपली यांनी १९३१ मध्ये जीआयए ही रत्नशास्त्राची संस्था काढली, आणि तिथल्याच रिचर्ड लिडिकोट यांनी सहकाऱ्यांसोबत १९५३ मध्ये ही अक्षरांची पद्धत बसवली. आज जगभर तीच चालते. मोठ्या लॅबमध्ये सुटा खडा जातो. तपासणाऱ्याला तो कुणाचा आहे ते कळू देत नाहीत, एकाहून जास्त माणसं तो बघतात. विकणं हे त्यांचं काम नाही, मत देणं आहे. दुसरी लॅब आयजीआय, १९७५ ला अँटवर्पला सुरू झाली. दोघींच्याही प्रयोगशाळा मुंबईत आहेत. लॅबही माणसंच चालवतात. एकच खडा दोन ठिकाणी पाठवला तर एखाद्या पायरीचा फरक पडतो, आणि कुठली लॅब कडक, कुठली सैल, हे व्यापाऱ्यांना तोंडपाठ असतं. पण एखाद्या पायरीचा फरक वेगळा आणि घरच्या कार्डावरचा व्हीव्हीएस वेगळा.

माझ्या नणंदेची अंगठी अशीच. कार्डावर व्हीव्हीएस, दुकान जुनं, मालक घरोब्यातला. दहा वर्षांनी विकायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, खडा काढून लॅबला पाठवू. रिपोर्ट आला, एसआय २. मालकाला दाखवला तर शांतपणे म्हणाला, ‘आमच्या दुकानाचा व्हीव्हीएस वेगळा असतो.’ नणंद आजही त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जाते. मी नाही जात.

तुमच्या कार्डावरच्या ‘ईएफ-व्हीव्हीएस’मध्येच एक गोम आहे. पहिली दोन अक्षरं रंगाची. रंग डीपासून झेडपर्यंत मोजतात, डी सगळ्यात बिनरंगी, ई आणि एफ त्याच्या पाठोपाठ, मग जी-एच. बारीक खड्यांच्या पुडीत शेकडो हिरे असतात, एकेकाचा रंग कोण बघत बसणार, म्हणून पुडीला ‘ईएफ’ असा जोड दर्जा लावतात. त्यात गैर काही नाही. पण लॅब एका सुट्या हिऱ्याला एकच अक्षर देते. ३२ सेंटच्या एकट्या खड्यावर जोडअक्षर दिसलं की समजायचं, तो लॅबमध्ये गेलेला नाही, कुणीतरी नजरेनं बघून लिहिलंय. एकदा अंगठीत जडवल्यावर तर लॅबलाही नेमकी पायरी सांगता येत नाही, कारण नखांखाली काय आहे ते दिसत नाही. मग तीही अंदाजाचा पट्टा देते. दुकानदाराकडे ती ताकद कुठून येणार?

तो म्हणेल, हॉलमार्क आहे ना. हॉलमार्क सोन्याचा असतो, भाऊ. अंगठीच्या आतल्या बाजूला बीआयएस या सरकारी मानक संस्थेचा त्रिकोण, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो. तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो, बघाच. हिऱ्याची अंगठी बहुतेक १८ कॅरेटची असते, म्हणजे ७५०, किंवा १४ ची, म्हणजे ५८५. २२ कॅरेट मऊ पडतं, नखं वाकतात. पण त्या शिक्क्याचा खड्याशी काडीचा संबंध नाही. सोन्याच्या खरेपणाच्या पाठीवर बसून खडा खपवतात, इतकंच. खड्याच्या वजनाचं म्हणाल तर तो कॅरेट वेगळा, सोन्याच्या शुद्धतेचा नव्हे. त्या एका कॅरेटचे २०० मिलिग्रॅम, म्हणून ३० सेंट म्हणजे ६० मिलिग्रॅम. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहून घ्या. एका खड्यात फार फरक पडत नाही, बारीक खड्यांच्या दागिन्यात पडतो.

तालुक्याच्या दुकानात आणखी एक गोष्ट विचारा, आणि उत्तर बिलावर घ्या. खडा जमिनीतला की लॅबमध्ये वाढवलेला? लॅबमधला हिरा खोटा नसतो, कार्बनचाच असतो. २०२३ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी जिल बायडन यांना साडेसात कॅरेटचा दिला होता तो असाच होता. सुरतेत हे यंत्रांनी वाढवतात, आणि त्यात व्हीव्हीएस फार सहज मिळतो, भावही जमिनीतल्याच्या मानानं अगदी थोडा. म्हणून जमिनीतल्याचा भाव लावून लॅबमध्ये वाढवलेला व्हीव्हीएस गळ्यात मारणं हा आजचा सगळ्यात सोपा धंदा. जीआयएनं तर २०२५ मध्ये वाढवलेल्या हिऱ्यांना या अकरा पायऱ्या देणंच बंद केलं. सगळे वरच्याच पायऱ्यांवर गर्दी करायला लागले, तर मोजायचं काय? ते पेनासारखं यंत्र ‘पिक’ वाजवून दाखवतील, त्यावर जाऊ नका. उष्णतेवर चालणारं ते यंत्र वाढवलेल्या हिऱ्यालाही वाजतं, आणि हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मोइसनाइट नावाच्या खड्यालाही पुष्कळदा वाजतं.

तर मी काय करेन? नागपूरचा घेईन, पण डोळे मिटून नाही. पहिलं म्हणजे रिपोर्टवरचा नंबर लॅबच्या वेबसाइटवर टाका. वजन, मापं जुळली पाहिजेत. खड्याच्या कमरेवर लेझरनं कोरलेला नंबर असला, तर तो दुर्बिणीतून वाचायचा. मुंगीच्या पावलांसारखा बारीक असतो, वाचता नाही आला तर दुकानदाराला तुमच्यासमोर वाचायला लावा आणि तुम्ही रिपोर्टवर बोट ठेवून ऐका. मग खडा जडवण्याआधी पांढऱ्या कागदाला मधे घडी घाला, त्या खोबणीत खडा माथा वर करून ठेवा, आणि कागद घेऊन दुकानाच्या दारात या. दुकानातले ते पिवळे-पांढरे दिवे आपल्या बैलालाही हिऱ्यासारखं चमकवतील. दारातल्या उजेडात, एका हाताच्या अंतरावरून बघा. वहिनींना सोबत न्या आणि त्यांना बघू द्या. त्यांच्या नजरेला काळा ठिपका दिसला तर तो खडा ठेवून द्या, त्याच दुकानात व्हीएस २ मागा, थोडे पैसे वाढतील, पण तुमच्या ७० हजारांत बहुधा बसेल. नाही दिसला तर घ्या.

वाचलेल्या पैशांतले थोडे पैलूंवर घाला. चमक सफाईतून येत नाही, पैलू कसे पाडलेत त्यातून येते. रिपोर्टवर कट म्हणून लिहिलेलं असतं, तिथं ‘एक्सलंट’ किंवा निदान ‘व्हेरी गुड’ बघा. कट चांगला असलेला एसआय १ खडा मठ्ठ कटाच्या व्हीव्हीएसला मांडवात मागे टाकतो.

तालुक्यातल्या दुकानाशी संबंध तोडायचे नसतील, सोयरेधायरे तिथंच खरेदी करत असतील, तर त्याला एकच वाक्य ऐकवा. खडा सुटा लॅबला पाठव, फी मी देतो, व्हीव्हीएस आला तर तुझ्याच भावात घेतो. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे तो हो म्हणतो. जो ‘आमच्यावर विश्वास नाही का’ म्हणतो, त्याला चहाचे पैसे देऊन या.

एक कडू गोष्टही सांगून ठेवते, गहाण दागिन्यांचं मोल काढता काढता शिकलेली. हिरा सोन्यासारखा अडीनडीला उभा राहत नाही. सोनेतारण कर्जात बँक खड्याचं वजन वजा करून फक्त सोनं धरते, आणि विकायला गेलं तर खड्याचे घेतलेले पैसे क्वचितच परत मिळतात. भाचीला आधार म्हणून द्यायचं असतं तर मी तुम्हाला सोन्याची चीप घ्या म्हटलं असतं. पण तुम्ही शब्द दिलाय, आणि तो हिऱ्याचा दिलाय. द्या. परत घेण्याची अट काय, किती टक्के कापणार, एवढं बिलावर लिहून घ्या.

तिला एक सांगा. हिऱ्याला तेलकटपणा भारी ओढ. जुन्या काळी खाणीत खडीतून हिरे वेगळे काढायला चरबी लावलेल्या टेबलांवरून पाणी सोडत, खडी वाहून जाई आणि हिरे चिकटून राहत. दवाखान्यात दिवसभर साबण, क्रीम, हातमोज्यांची पावडर. महिन्याभरात खड्याच्या पाठीमागे थर बसतो आणि व्हीव्हीएस काय, फ्लॉलेस असला तरी मेणचट दिसतो. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, जुना मऊ ब्रश, खड्याच्या मागून घासायचं. बेसिनवर नाही, वाटीत.

आणि भाऊ, सगळ्या पत्रात एक गोष्ट कुठेच सापडली नाही. बोटाचं माप घेतलंत का? गुपित ठेवायचं असेल तर बहिणीला सांगून तिची रोजची एखादी अंगठी दोन दिवस मागवून घ्या, आणि ती कुठल्या बोटाची आहे हेही विचारून घ्या. दोरा गुंडाळून माप आणू नका, हमखास ढिली होते.